चिंचोक्यांचे डाव

३१ जुलै २०२५ च्या रात्री इंदापूर तालुक्याच्या पदरात राज्याचं कृषिखातं पडलं आणि त्याला निमित्त झाले पत्ते. त्याआधी दहाबारा दिवस विधिमंडळातला एक व्हिडिओ गावोगावच्या मोबाइलवर फिरत होता. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात बसून मोबाइलवर रमी खेळत आहेत, असं म्हणत मूळचे बारामतीचे आमदार रोहित पवार यांनी तो टाकला होता. आपण खेळत नव्हतो, समोर आलेली जाहिरात बाजूला सारत होतो, असा कोकाट्यांचा खुलासा होता. तरी गदारोळ थांबला नाही आणि शेवटी खात्यांची अदलाबदल झाली. कोकाट्यांकडे क्रीडा खातं गेलं आणि तोवर क्रीडा खातं सांभाळणारे आमचे दत्तामामा भरणे कृषिमंत्री झाले. पत्त्यांच्या वादातून क्रीडा खातं मिळतं, यावर भवानीनगरपासून भिगवणपर्यंतच्या टपऱ्यांवर जे विनोद झाले ते छापण्यासारखे नाहीत.

मंत्री खेळत होते की नव्हते, हे त्यांचं त्यांना ठाऊक. मला त्या सगळ्या चर्चेत वेगळंच काही खटकत राहिलं. पत्ते म्हटल्यावर एकटा माणूस आणि त्याच्या हातातला मोबाइल एवढंच लोकांच्या डोळ्यांपुढे येत होतं आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. आमच्याकडे एकटाच कुणी पत्ते मांडून बसला, की आजी जवळ येऊन कपाळाला हात लावायची आणि विचारायची, "बरं नाही का रे तुला?"

बारामती आणि इंदापूरच्या मधोमध, नीरेच्या डाव्या कालव्याला लागून आमचं गाव. घरात पत्त्यांचा एकच कॅट होता आणि तो कधीही पुऱ्या बावन्न पानांचा नव्हता. किलवरची सत्ती कुणाच्या तरी मुंजीत हरवली, तेव्हापासून जोकरवर शाईने किलवर काढून तोच सत्ती म्हणून चालायचा. इस्पिकच्या राणीचा कोपरा उंदराने कुरतडला होता, त्यामुळे ती कुणाच्या हातात आहे हे पाठीमागूनही कळायचं. पानं घामाने चिकटायला लागली की त्यांना पावडर लावून पिसायची. मे महिन्याच्या दुपारी बाहेर ऊन रणरणत असताना ओसरीवर डाव पडायचा तो ऊन उतरेपर्यंत. लहानांसाठी भिकार-सावकार आणि गुलामचोर, जरा कळायला लागलं की झब्बू, बदाम सात, पाच-तीन-दोन, आणि भांडणाची खुमखुमी असली की चॅलेंज. मामे, मावस, चुलत मिळून इतकी पोरं असायची, की नॉटॲटहोमला दोन कॅट लागायचे. मग शेजाऱ्यांचा मागून आणायचा आणि संध्याकाळी दोन्ही वेगळे करत बसायचं.

पैसे लावायचे नाहीत, हा आजीचा कायदा. पण काही लावल्याशिवाय हरल्याचं दुःख होत नाही आणि जिंकल्याचा तोराही मिरवता येत नाही, हेही तिला कळत होतं. म्हणून चिंचोके. मागच्या वर्षीची चिंच फोडून झाली की चिंचोक्यांचा डबा भरून ठेवलेला असायचा. आजी प्रत्येकाला मूठ मोजून सारखे चिंचोके द्यायची. ज्याचे संपले तो उठला. रडून, रुसून, आईकडे तक्रार करून आणखी चिंचोके मिळायचे नाहीत. उठलेल्याने बाकीच्यांना पाणी आणून द्यायचं आणि मागे उभं राहून डाव बघायचा, तोही तोंडातून चकार शब्द न काढता. शेवटी सगळे चिंचोके ज्याच्याकडे जमा व्हायचे, त्याला त्यांचं करता येण्यासारखं काहीच नसायचं. ते परत डब्यात जायचे. हा तपशील ध्यानात ठेवा; तो पुढे अमेरिकेत लास वेगासला भेटणार आहे.

मोठ्या माणसांचे पत्ते पारावर. तिथला खेळ मेंढीकोट. चार भिडू, समोरासमोरचे जोडीदार, तेरा-तेरा पानं. चारही दश्श्या ज्यांनी ओढल्या त्यांनी कोट लावला. पैसे नाहीत, चिंचोकेही नाहीत, पण कोट लागलेली जोडी आठवडाभर मान खाली घालून चालायची. आमचे थोरले चुलते, त्यांना सगळे आबा म्हणत, हुकूम बंद ठेवण्यात पटाईत होते. कुठलं पान कधी पडलं हे त्यांना शेवटच्या हातापर्यंत पाठ असायचं. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण कुणाच्या हातात काय उरलंय याचा हिशेब चुकायचा नाही. हेच आबा ऊसबिलाच्या पावतीवरच्या कपाती मात्र दरवर्षी माझ्याकडून समजून घ्यायचे. पारावर बायका खेळायला बसत नसत. त्यांचा डाव गौरीच्या जागरणाला माजघरात, दार लोटून. आमच्या एका काकूंच्या लबाड्या अजून घरात सांगितल्या जातात. त्या पारावर बसल्या असत्या तर आबांना भारी पडल्या असत्या, हे माझं ठाम मत आहे.

वालचंदनगरच्या वसाहतीत साहेब लोक ब्रिज खेळतात, असं आम्ही ऐकून होतो. ते कसं असतं हे पाहिलेला माणूस आमच्या ओळखीत नव्हता. भीमेकाठच्या जुन्या गावांचे पार तर १९८० च्या सुमाराला उजनीच्या पाण्यात गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक फोटो काढायला जातात. पारावरच्या मंडळींनी नव्या गावठाणात नवे पार बांधले, पण झाडं वाढायला वेळ लागतो.

खरे पत्ते मात्र रंगायचे ते पाण्याच्या पाळीला. आमचा नीरेचा कालवा १८८५ सालचा. त्याच्या चारीचं पाणी पाळीने मिळायचं आणि आपली पाळी रात्री दोनला असेल तर दोनला बांधावर हजर राहावं लागायचं. वरच्याने दार वेळेवर सोडलं नाही तर तीन वाजायचे, साडेतीन वाजायचे. अशा वेळी चारीच्या काठावर घोंगडं अंथरून, मधे कंदील ठेवून चार शेतकरी रमी मांडायचे. पानं वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर ढेकळं. यात मुद्दाम जमवलेला भिडू कुणी नसायचा. ज्याची पाळी आधीची आणि ज्याची नंतरची, तेच समोरासमोर; म्हणजे बांधावरून वर्षभर भांडणारेच. मी वडिलांचा डबा घेऊन गेलो की तिथेच झोपायचो आणि जाग यायची ती "आलं रं आलं" या हाळीने. पाणी आलं की डाव जिथल्या तिथे मोडायचा. हातात कितीही चांगली पानं असोत, ती टाकून फावडं उचलायचं. पाण्यापुढे सिक्वेन्सची मातब्बरी नव्हती.

गोड आठवणींच्या भरात एक गोष्ट लपवणं बरं नाही. पैशांचे पत्तेही होते, आणि ते वाईटच होते. तीनपत्तीचा डाव कधीच पारावर पडायचा नाही. तो उभ्या उसाच्या सरीत, बंद पडलेल्या गुऱ्हाळात, जत्रेतल्या तंबूच्या मागे. कारखान्याचा हप्ता जमा झाला की डावही मोठा व्हायचा. आधी सारख्या पैशांचं बूट, मग कुणी ब्लाइंड, कुणी पानं बघून चाल, शेवटी शो. जागा देणारा प्रत्येक डावातून आपला वाटा काढून घ्यायचा. त्याच्यावर हरायची वेळ कधी यायचीच नाही. एखादं पोरगं शेंगा खात रस्त्यावर बसलेलं असायचं, जीप दिसली की शीळ घालायला. आमच्या शेजारच्या आळीतल्या एका कुटुंबाची बैलजोडी अशीच गेली. जोडी गेल्याचं सकाळी सात वाजता कळलं आणि आठ वाजता त्या घरातल्या बाईंचे दोन्ही भाऊ दारात हजर होते. दुकानदाराने उधारी बंद केली ती त्या माणसाची. बायकोला सामान मिळत राहिलं. आबांसकट चार म्हातारे त्याच्या घरी जाऊन बसले आणि अंधार पडेपर्यंत हलले नाहीत. बैल परत आले नाहीत. पण त्यानंतर त्याला आमच्याच नव्हे तर आजूबाजूच्या गावांतही कुणी बसू दिलं नाही.

गावातल्या या अलिखित कायद्याच्या जोडीला सरकारचा लेखी कायदाही होता आणि अजून आहे: १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा. आजही छापा पडला की त्याच कायद्याखाली गुन्हा नोंदतात आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात रोख रक्कम, दुचाकी, मोबाइल आणि पत्त्यांचा कॅट असा मुद्देमाल मोजला जातो. या कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. रमी त्यात बसते का, याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात दिला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की रमीत कोणती पानं पडली हे लक्षात ठेवावं लागतं, कोणतं धरायचं आणि कोणतं टाकायचं हे ठरवावं लागतं, त्यामुळे ती मुख्यतः कौशल्याची. तीनपत्ती मात्र निव्वळ नशिबाची. आबांना हे निकालाशिवायच माहीत होतं. आपल्या राज्याची आणखी एक गंमत अशी, की १९७६ साली महाराष्ट्राने कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला, तो एकदाही अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. सत्तेचाळीस वर्षं तो कायदा नुसता कागदावर पडून होता.

पोकर मला पहिल्यांदा दाखवला पुतण्याने. तो हिंजवडीत नोकरीला. दिवाळीला गावी आला तेव्हा लॅपटॉपवर बघत बसला होता. हिरव्या टेबलाभोवती काळे चष्मे लावलेली माणसं, पुढ्यात रंगीत चकत्यांचे मनोरे.

"काका, ही जगातली सगळ्यात मोठी पत्त्यांची स्पर्धा. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर."

"किती पानं?"

"प्रत्येकाला दोन. टेबलावर पाच उघडी, ती सगळ्यांची. सातातली पाच जुळवायची."

दोनतीन डाव बघितले आणि मला सगळं ओळखीचं वाटायला लागलं. न बघता लावायचं ते ब्लाइंड. समोरच्याने वाढवलं की आपण वाढवायचं किंवा पानं टाकून द्यायची. हातात काही नसताना असल्याचा आव आणायचा. उभ्या उसात चालायचं तेच इथे दिव्यांच्या झगमगाटात चाललं होतं, फक्त रस्त्यावर शीळ घालायला पोरगं बसवलेलं नव्हतं.

मग मला त्या स्पर्धेचा नाद लागला. खेळण्याचा नव्हे, वाचण्याचा. १९७० मध्ये लास वेगासच्या हॉर्सशू कॅसिनोचा मालक बेनी बिनियन याने मोजक्या नावाजलेल्या खेळाडूंना बोलावलं आणि शेवटी त्यांनीच मतं देऊन जॉनी मॉस या टेक्सासच्या म्हाताऱ्याला विजेता ठरवलं. सगळे संपेपर्यंत खेळायचं ही पद्धत पुढच्या वर्षापासून आली. १९७२ मध्ये मुख्य स्पर्धेची प्रवेश फी दहा हजार डॉलर झाली आणि आजही ती तेवढीच आहे. पन्नास वर्षांत ज्याचा भाव वाढला नाही अशी दुसरी वस्तू मला माहीत नाही. अर्थात आपल्या लेखी ती साडेआठ-नऊ लाख रुपये होते. टनाला तीन-सव्वातीन हजार धरले तर अडीचशे टनांच्या वर ऊस, म्हणजे चारपाच एकर चांगल्या रानाचं वर्षभराचं पीक, एका खुर्चीसाठी.

या स्पर्धेच्या इतिहासात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो स्टू उंगर, कारण तो मुळात रमीचा. न्यूयॉर्कचा हा पोरगा जिन रमीत इतका तरबेज झाला, की त्याच्याशी पैसे लावून खेळायला कुणी तयार होईना, म्हणून तो पोकरकडे वळला. १९८० आणि १९८१ अशी लागोपाठ दोन वर्षं तो विश्वविजेता झाला. मग व्यसनं, कर्ज, घोड्यांच्या शर्यती. १९९७ मध्ये कुणीतरी भरलेल्या फीवर खेळून तो तिसऱ्यांदा जिंकला आणि पुढच्याच वर्षी लास वेगासच्या एका स्वस्त मोटेलात मेलेला सापडला. खिशात आठशे डॉलर. डोक्यात सगळी पानं पाठ असलेल्या माणसाला थांबवायला त्याच्या भोवती चार म्हातारे नव्हते, असं मला ते वाचताना वाटलं. हे माझं गावठी निदान आहे. अमेरिकेतल्या अभ्यासकांचं वेगळं असेल.

पोकरचं नशीब फिरलं ते दोन गोष्टींनी. पहिली, टेबलाच्या कडेला बसवलेला कॅमेरा, जो खेळाडूची झाकलेली पानं फक्त प्रेक्षकांना दाखवतो. त्याचं पेटंट घेणारा हेन्री ओरेनस्टाइन हा हिटलरच्या छळछावण्यांतून वाचून अमेरिकेत खेळणी बनवणारा गृहस्थ. १९९९ मध्ये ब्रिटनच्या टीव्हीवर अशी पानं दिसू लागली आणि २००० नंतर वर्ल्ड पोकर टूरने ती जगभर नेली. ओसरीवर मागे उभं राहून पानं बघायची आणि तोंड मिटून ठेवायचं, ही आम्हा उठलेल्या पोरांची जागा आता लाखो लोकांना मिळाली. दुसरी गोष्ट इंटरनेट. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा टेनेसीचा एक हिशेबनीस (आडनाव खरंच आहे) शंभर डॉलरपेक्षा कमी पैशांत घरबसल्या ऑनलाइन पात्रता स्पर्धा जिंकून वेगासला पोचला आणि आठशे एकोणचाळीस जणांतून पहिला येऊन पंचवीस लाख डॉलर घेऊन गेला. त्यानंतर घराघरांतले मनीमेकर निघाले. तीनच वर्षांत खेळाडू ८,७७३ झाले. २०२४ मध्ये १०,११२ आले, हा त्या स्पर्धेचा विक्रम आहे. दरम्यान २०११ च्या १५ एप्रिलला अमेरिकी सरकारने ऑनलाइन पोकरच्या बड्या कंपन्यांवर खटले भरून त्यांची संकेतस्थळं ताब्यात घेतली होती. तिथले खेळाडू त्या दिवसाला काळा शुक्रवार म्हणतात.

आता चिंचोके. या मुख्य स्पर्धेत दहा हजार डॉलर भरले की अलीकडे साठ हजारांच्या चकत्या देतात. त्या चकत्यांना बाहेर एका पैशाचीही किंमत नसते. खिडकीवर नेऊन त्यांचे पैसे करून मिळत नाहीत. सगळ्यांना सारख्या, संपल्या की उठायचं. मुख्य स्पर्धेत पुन्हा फी भरून बसता येत नाही, मग तुम्ही कितीही धनवान असा. हे वाचल्यावर मी पुतण्याला फोन करून सांगितलं, की तुझ्या वेगासवाल्यांनी आजीचा कायदा उचललाय. तो हसला. मला मात्र तेव्हापासून एक फरक नीट दिसायला लागला. स्पर्धेत माणूस किती हरणार हे खुर्चीवर बसण्याआधी ठरलेलं असतं. उसातल्या तीनपत्तीत, आणि कॅसिनोतल्या रोखीच्या टेबलावरही, ते ठरलेलं नसतं. खिसा संपला की घड्याळ, घड्याळ संपलं की बैल.

आपली माणसंही तिकडे चमकली. २०१७ मध्ये निपुण जावा आणि आदित्य सुशांत यांनी जोडीने खेळायच्या स्पर्धेत वर्ल्ड सिरीजचं सोन्याचं कडं मिळवलं; पुढच्या वर्षी त्याच प्रकारात निकिता लूथरने जर्मन जोडीदाराबरोबर ते जिंकलं, असं कडं मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. जोडीदाराचे डाव म्हटल्यावर मला मेंढीकोट आठवला, हे वेगळं सांगायला नको. २०२४ मध्ये संतोष सुवर्णा यांनी अडीच लाख डॉलर फीची स्पर्धा जिंकून चौपन्न लाख डॉलर मिळवले. मराठी नाव मी अजून शोधतोय. २०१७ च्या नोव्हेंबरात वर्ल्ड पोकर टूर गोव्यालाही आली होती, मांडवीतल्या कॅसिनो जहाजावर. गोव्याने १९९० च्या दशकात कायदा बदलून या जहाजांना वाट करून दिली आणि २०२० पासून खुद्द गोवेकरांना मात्र तिथे खेळायला बंदी केली. म्हणजे आपलं घर सांभाळून पाहुण्यांना बसवायचं. त्या पाहुण्यांत आमच्या भागातली डाळिंबाच्या पैशांची एखादी गाडी असतेच. परत येताना गाडीत गप्पा कमी होतात, असं चालवणारे सांगतात.

तरीही गोव्याला जायला गाडी लागते, रजा लागते, घरी काहीतरी कारण सांगावं लागतं. मोबाइलला यातलं काहीच लागत नाही. आमच्याकडे शेतीची थ्री-फेज लाईट कित्येक वर्षं रात्रीच्या पाळीलाच जास्त. कालव्याच्या पाळीची जागा लाईटच्या पाळीने घेतली. विहिरीवर मोटर चालू करायला आलेला शेतकरी लाईट येईपर्यंत बसून राहतो, पूर्वी बसायचा तसाच. आता तो एकटा असतो. शेजारचा त्याच्या विहिरीवर, हाही त्याच्या. अंधारात दोघांच्या तोंडावर निळा उजेड. दोघेही कदाचित रमीच खेळत असतील, पण एकमेकांशी नाही. समोरचा भिडू कुठला, माणूस आहे की यंत्र, हे कळायला मार्ग नाही. लाईट आली की पूर्वी डाव मोडला असता. आता एका हाताने स्टार्टर दाबून दुसऱ्या हाताने पान टाकता येतं.

हरलेला पैसाही आता दिसत नाही. बैल गेले तर गोठा रिकामा दिसतो. खात्यातून पन्नास-पन्नास, शंभर-शंभर रुपये गेले तर घरात काहीच कमी झालेलं दिसत नाही, जोवर वसुलीवाल्याचा फोन येत नाही. आमच्या नात्यातल्या एका तरुणाचं असंच झालं. बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम, वर मोबाइलवरच्या कर्जांचा डोंगर. त्याच्या वडिलांना कळलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. म्हाताऱ्यांनी जाऊन बसायचं ठरवलं असतं तरी कुणाच्या दारात बसणार? ज्या क्लबात तो जात होता तो त्याच्या उशाखाली होता. त्या घराला पुढे मानसोपचारतज्ज्ञाचा उपयोग झाला. ज्यांच्याकडे अशी वेळ असेल त्यांनी १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी नंबरवर फोन करावा. फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलतात.

विधिमंडळातल्या त्या व्हिडिओनंतर महिनाभरातच दिल्लीत कायदा झाला. २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ बंद, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. म्हणजे १९६८ पासून रमी आणि तीनपत्तीत असलेला फरक मोबाइलपुरता पुसला गेला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला मात्र नाही, त्याला फसवलेला मानलं आहे. सही झाल्याबरोबर रमी आणि पोकरच्या मोठ्या कंपन्यांनी पैशांचे डाव बंद केले. पुतण्या नाराज झाला. त्याच्या मते पोकर हा बुद्धिबळासारखा अभ्यासाचा खेळ आहे आणि सरसकट बंदीने चांगले खेळाडू भरडले गेले. त्याचं म्हणणं मला अर्धं पटतं. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात पोकर, ब्रिज आणि रमी यांना जुगारातून चक्क नाव घेऊन वगळलेलं आहे, तेव्हा असा विचार पूर्वी कुणी केलाच नाही असं नाही. पण वेगासच्या टेबलावरचा खेळाडू आणि विहिरीवर एकटा बसलेला आमचा पोरगा यांना एकाच मापाने मोजता येत नाही. एकाला फी किती, चकत्या किती आणि केव्हा उठायचं हे ठाऊक आहे. दुसऱ्याला कुणी उठवतच नव्हतं. कंपन्यांना तो उठायला नको होता. म्हणून बंदी झाली ते बरं झालं, असं मी म्हणतो. परदेशी ॲप आडवाटेने चालू आहेत अशी कुजबुज ऐकू येतेच, त्यामुळे घरातल्यांनी डोळे मिटून चालणार नाही.

पत्त्यांवर माझा राग नाही. बारामती-इंदापूरकडच्या कितीतरी गणपती मंडळांत रात्रीच्या राखणीला अजून पत्ते निघतात आणि पोलिसांची गाडी आली की सतरंजीखाली जातात. मंडळांना माझं एक सांगणं आहे. यंदा ते सतरंजीखालून बाहेर काढा. मेंढीकोटाची स्पर्धा ठेवा, जोड्यांची. फी ठेवू नका, रोख बक्षीस तर अजिबात नको. बायकांच्या जोड्यांनाही बसवा, आमच्या काकूंसारख्या प्रत्येक आळीत असतात. खेळताना मोबाइल एका टोपलीत जमा करा. हरलेल्या जोडीने जिंकलेल्यांना चहा पाजायचा, एवढाच दंड ठेवा. हुकूम कुणी लपवला यावर भांडण झालं तर पंच म्हणून मला बोलवा, मी कालव्याच्या अलीकडे कुठेही यायला तयार आहे. येताना नवा कॅट मी आणीन.